डोलणारी बोट आणि रात्रभर चालणारा जनरेटर: स्टॅबिलायझरच्या विजेचा हिशेब

इंजिनरूमवाला (धागाकर्ता)

मंडळी, बोटींच्या प्रदर्शनात गेलं की हल्ली 'शाश्वत यॉटिंग' हा शब्द दर दहा पावलांवर भेटतो. त्यात सौर पॅनेल येतं, हायब्रिड इंजिन येतं, डेकसाठी सागवानाचा पर्याय येतो. स्टॅबिलायझर, म्हणजे बोटीचं डोलणं कमी करणारं यंत्र, मात्र त्या यादीत कुणी धरत नाही. त्याची गणती आरामाच्या वस्तूंत, गादी-उशीच्या शेजारी. मी चौदा वर्षं मोटरयॉटच्या इंजिनरूममध्ये काढली आहेत, आणि नांगरावर उभ्या बोटीत रात्री जनरेटर का चालू ठेवावा लागतो याची दोनच मोठी कारणं मी पाहिली. एक एसी, दुसरं स्टॅबिलायझर. पहिल्यावर सगळे बोलतात.

एक रात्र सांगतो. २२ मीटरची बोट, वारा पूर्ण पडलेला, पाणी वरून आरशासारखं. पण बाहेरच्या समुद्रातून एक संथ स्वेल (दुरून येणारी लांब लाट) आत येत होता आणि बोट त्याला आडवी उभी. जायरो (जड चाक वेगाने फिरवून डोलणं आवरणारा स्टॅबिलायझर) बंद केला की पाच मिनिटांत पाहुणे वर येऊन विचारणार, म्हणून तो चालू. एसी त्या रात्री लागलाच नाही. २० किलोवॅटचा जनरेटर, त्यावर लोड ३ किलोवॅट: जायरोचे २, बाकी फ्रिज आणि किरकोळ दिवे. एक्झॉस्टमधून पाणी रात्रभर फच्च, फच्च. पहाटे मागच्या फळीवर उभा राहिलो तर पाण्यावर काजळीचा पातळ तवंग. डे-टँकच्या काचनळीत पाहिलं: ८ तासांत १७ लिटर डिझेल, वीज मिळाली २४ युनिट.

हा आकडा नीट बघा. एका युनिटला ७०० मिलीच्या वर डिझेल. तोच जनरेटर पाऊण लोडवर चालला असता तर ३०० ते ३५० मिलीत युनिट निघालं असतं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एका शांत रात्रीचे ४५ किलो. वर इतक्या कमी लोडवर इंजिन धड तापत नाही, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात आणि अर्धवट जळलेलं तेल एक्झॉस्टमध्ये साचतं. ते काढायचं काम माझं.

जायरोचा यात काय दोष? तो बिचारा २ किलोवॅटच खात होता. खाणारा होता तो जनरेटर. म्हणून स्टॅबिलायझर विकत घेताना लोक विचारतात 'डोलणं किती टक्के कमी होईल?', मला वाटतं विचारायला हवं 'हा चालू असताना रात्री जनरेटर बंद ठेवता येईल का?'

इथे बरेच जाणकार आहेत. चुकत असेन तर कान धरा.

नवखा_नाविक

छान धागा. मी नेमका याच पेचात आहे. १६ मीटरची, २० टनांची सेकंडहँड मोटरबोट घेतली आहे. वेग ९-१० नॉट. आयुष्यातला बराच वेळ ती नांगरावर असते आणि बायकोला बोट लागते. एक विक्रेता म्हणतो जायरो घ्या, दुसरा म्हणतो फिन (बोटीखाली पाण्यात बसणारे पंख) घ्या. दोघांच्याही माहितीपत्रकात एकच आकडा: '९५ टक्क्यांपर्यंत'. मग फरक काय?

खवचट

'पर्यंत' या शब्दाला सांभाळून असा. ० सुद्धा ९५ पर्यंतच येतो.

बाकी यॉट आणि शाश्वत हे दोन शब्द एका ओळीत वाचून करमणूक झाली. सर्वात शाश्वत यॉट म्हणजे न बांधलेली यॉट. चालू द्या.

गणिताचा_मास्तर

नवखा, आधी बोट इतकी डोलते का ते पाहू. औषध मग.

तुमच्या बोटीला स्वतःचा एक डोलण्याचा आवर्तकाळ आहे, झोपाळ्याला असतो तसा. तो दोन गोष्टींवर ठरतो: वजन मध्यरेषेपासून किती लांब पसरलंय, आणि मेटासेंट्रिक उंची, म्हणजे आपण जिला जीएम म्हणतो ती; ती जितकी जास्त तितकी बोट जोराने सरळ होते. २० टनांच्या अशा बोटीला वजनाची परिभ्रमण त्रिज्या (ते पसरणं मोजायचं माप) २ मीटर आणि जीएम १.२ मीटर धरली, तर आवर्तकाळ येतो ३.७ सेकंद.

आता एक लाट घ्या, उंची फक्त ३० सेंटीमीटर, काळ ४ सेकंद. खोल पाण्यात हिची लांबी साधारण २५ मीटर. तिचा सर्वात तीव्र उतार काढा: जेमतेम २ अंश. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. पण लाटेचा काळ बोटीच्या काळाच्या जवळ असल्याने प्रत्येक लाट झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावते. दहा-बारा लाटांत बोट दोन्ही बाजूंना १०-१२ अंश जाते. समुद्र २ अंश देतोय, उरलेले १० बोट स्वतः कमावते.

इथेच स्टॅबिलायझरचं खरं काम कळतं. त्याने बोट जबरदस्तीने सरळ धरून ठेवायची नसते. एवढी ताकद त्याच्यात नाहीच. २० टनांची ही बोट एक अंश कलली की तिचा स्वतःचा सरळ व्हायचा जोर सुमारे ४१०० न्यूटन-मीटर. आता ९००० न्यूटन-मीटर-सेकंद कोनीय संवेगाचा (फिरत्या चाकाच्या नेटाचं माप) जायरो घ्या. त्याचं चाक सेकंदाला एक रेडियन या गतीने पुढे-मागे झुकलं तर तो ९००० न्यूटन-मीटर देतो. म्हणजे दोन-सव्वादोन अंशांना पुरेल इतकंच. पण लाटेचा उतारही तेवढाच आहे! प्रत्येक धक्का तिथल्या तिथे खाल्ला की झोपाळ्याला झोका मिळतच नाही.

पाणी बोटीच्या डोलण्याला फार कमी विरोध करतं, ही सगळ्याची मेख. वरखाली होण्याला आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) आणि मागची बाजू आळीपाळीने वर-खाली झुलण्याला पाणी स्वतः आवर घालतं, आडव्या डोलण्याला नाही. म्हणून थोडासाच अवरोध बाहेरून दिला तरी फरक डोळ्यात भरतो.

शिडवाली

मास्तरांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

यात शिडाच्या बोटीचा एक अनुभव जोडते. डोलकाठी तुटलेली शिडाची बोट वेड्यासारखी डोलते, हे ज्यांनी भोगलंय त्यांना पटेल. उंचावरचं ते वजन बोटीला 'हळू' करत असतं. ते गेलं की आवर्तकाळ घटतो आणि झटके सुरू होतात. तेव्हा 'वजन जितकं खाली तितकं चांगलं' हा सल्ला आरामाच्या बाबतीत डोळे झाकून घेऊ नका. सुरक्षिततेची बाजू अर्थात वेगळी. जीएमशी खेळ करायचा तर नौकाशास्त्रज्ञाला विचारूनच.

आणि नवखा, एक रुपयाही खर्च करण्याआधी हे करा. रात्री चार्ट-टेबलावर षटकोनी नाही, गोल पेन्सिल ठेवा, आडवी. ती पडते का बघा. मग नांगराच्या साखळीला एक स्प्रिंग दोर बांधून तो मागच्या क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंटीवर) घ्या आणि हळूहळू ओढा. बोटीची नाळ वाऱ्याकडून वळून स्वेलकडे येते. वारा थोडा बाजूने लागेल, पण लाट समोरून येईल. पुन्हा पेन्सिल ठेवा. खर्च शून्य वॅट.

यावर भागलं नाही तर फ्लॉपर स्टॉपर. बाजूला एक लांब काठी काढायची, तिच्या टोकाला दोरखंडाने बिजागरीची पत्रा-फळी पाण्यात सोडायची. बोट त्या बाजूला खाली जाते तेव्हा फळी मिटून बुडते, वर येते तेव्हा उघडून पाण्याला धरते. उलांडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कल्पना लगेच येईल, फक्त इथे लाकूड पाण्यावर तरंगण्याऐवजी फळी पाण्याखाली ओढ देते. काठी जितकी लांब तितका फायदा, कारण तरफ वाढते.

उगाच

+१ फ्लॉपर स्टॉपरला. दिसायला भिकार, कामाला एक नंबर.

इंजिनरूमवाला

शिडवाली ताई, स्प्रिंग दोराचं मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं. त्या रात्री आम्ही ते केलं नाही, कारण कप्तानाला दोर 'दिसायला बरा' वाटला नाही. ४५ किलो कार्बन डायऑक्साइड त्या 'बऱ्या दिसण्याचा'.

नवखा, आता जायरो की फिन. दोघांची वीज कुठे जाते ते समजून घ्या, निवड आपोआप सोपी होईल.

फिन म्हणजे पाण्यातला पंख. उचल वेगाच्या वर्गाने वाढते. एक चौरस मीटरचा फिन १० नॉटला साधारण १० किलोन्यूटन देत असेल तर ५ नॉटला अडीच. नांगरावर साध्या फिनाकडून काही मिळत नाही. त्यावर १९९०च्या दशकाच्या अखेरीस 'झीरो स्पीड' फिन आले: पाणी येत नाही तर आपणच फिन वल्ह्यासारखा फडकवायचा. काम होतं, पण त्यासाठी फिन मोठा लागतो, अ‍ॅक्च्युएटर (फिन हलवणारं यंत्र) दणकट लागतो आणि वीज मोजून जास्त लागते. कारण इथे पाणी ढकलायचं सगळं काम मोटरचं. शिवाय तोच मोठा फिन चालताना पाण्याला अडतो, म्हणजे रात्रीच्या आरामाचं भाडं दिवसभर डिझेलमध्ये भरायचं.

सपाट फिनाची आणखी एक खोड. तो हलच्या (बोटीच्या बाहेरच्या कवचाच्या) गोलाईवर तिरका बसलेला असतो, त्यामुळे फडकताना बोटीला वर-खाली ढकलतोच, पण आडवंही ढकलतो. पाहुणे म्हणतात 'डोलत नाही, पण हलतंय'. वाया गेलेली वीज ही अशी जाणवते. स्लाइपनर कंपनीने यावर बाक दिलेले फिन काढले, जोर जास्तीत जास्त उभ्या दिशेने लागावा म्हणून. कल्पना साधी आणि पटणारी.

जायरोचं उलट आहे. चाक फिरत असतं, बोट कलायला लागली की चाक आपोआप पुढे किंवा मागे झुकतं, आणि त्या झुकण्यातून उलटा जोर तयार होतो. झुकण्याला ब्रेक लावून आवर घालायचा. गंमत बघा: डोलणं थांबवण्याचं काम लाटेच्याच ऊर्जेने होतं आणि ती ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघून जाते. मोटरला फक्त बेअरिंगचं घर्षण आणि हवेचा विरोध भरून काढायचा असतो. काम लाटेचं, बिल बेअरिंगचं. म्हणून नांगरावर जायरोला वीज कमी लागते.

विद्युतलता

हवेच्या विरोधाबद्दल थोडं. फिरत्या चाकाला हवेशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट, झगडा आठपट. सीकीपर कंपनीने २००८ मध्ये आपला पहिला जायरो आणला तेव्हा चाक निर्वात डब्यात बंद केलं ते याचसाठी. हवा काढली की लहान चाक जास्त वेगाने फिरवता येतं, आणि आकार, वजन, वीज तिन्ही खाली येतात.

पण फुकट काही नसतं. निर्वातात बेअरिंगची उष्णता बाहेर न्यायला हवाच नाही. म्हणून ग्लायकोलचं (थंड करणाऱ्या द्रवाचं) सर्किट, त्याला समुद्राच्या पाण्याचा हीट एक्स्चेंजर, त्याला पंप, पंपाला गाळणी. हे पंप हिशेबात धरायला लोक विसरतात. दुसऱ्या पंथाचे उत्पादक चाक हवेतच ठेवतात. चाक जड, फिरायला वीज थोडी जास्त, पण पाण्याची भानगड नाही.

सुरू करायच्या ऊर्जेची भीती मात्र अनाठायी आहे. मास्तरांच्या ९००० वाल्या जायरोचं चाक मिनिटाला ९००० फेऱ्यांवर असेल तर त्यात साठलेली ऊर्जा सव्वा युनिटच्या आतच, साधारण १.२. पाऊण तास लागतो वेग घ्यायला, ते खरं. पण एकदा फिरलं की टिकवायला कमी लागतं.

हायड्रॉलिकराव

सगळे जायरोच्या प्रेमात पडलेले दिसतात. जरा दुसरी बाजू.

जायरो बोटीत पाच-साडेपाचशे किलो वजन कायमचं घेऊन बसतो, तुम्ही झोपा किंवा चाला. लाट मोठी झाली की चाक झुकण्याच्या मर्यादेला टेकतं, आणि तिथून पुढे त्याचा उपयोग घटत जातो, कारण जास्त कललेल्या चाकाचा जोर डोलण्याच्या दिशेत राहतच नाही. फिनाला उलट वेग मिळाला की बळ येतं. लांब पल्ल्याच्या, दिवसेंदिवस ९-१० नॉटने चालणाऱ्या बोटीला फिनच. त्या वेळी लागणारी वीजही किरकोळ, कारण जोर वाहत्या पाण्याचा, मोटरने फक्त कोन बदलायचा.

आणि हायड्रॉलिकला उगाच नावं ठेवू नका. मुठीएवढ्या सिलिंडरमध्ये जी ताकद असते ती विजेच्या मोटरला गिअरबॉक्सशिवाय येत नाही. होज फुटला तर कुठल्याही बंदरात बदलून मिळतो. सर्व्हो ड्राइव्हचं (विजेची मोटर हाकणाऱ्या यंत्रणेचं) कार्ड जळलं तर बसा वाट बघत.

विद्युतलता

राव, होजचा मुद्दा मान्य. पण पॉवरपॅकचं, म्हणजे तेलाला दाब देणाऱ्या पंप-मोटरच्या संचाचं, बोला ना. फिन स्वस्थ असला तरी तुमचा पंप दाब धरून फिरतच असतो, तेल गरम होतं, मग ते थंड करायला आणखी एक पंप. लागेल तेवढंच तेल ढकलणारा लोड-सेन्सिंग पंप लावला तर तोटा कमी होतो, संपत नाही. इटलीच्या सीएमसी मरीनसारख्यांनी थेट विजेवर चालणारे फिन आणले ते यामुळेच: फिन हलला तर वीज, थांबला तर जवळपास शून्य. आणि पाण्यात तेल सांडण्याचा प्रश्नच मिटतो.

दुसरं, फिनाला थांबवताना मोटर जनरेटरसारखी वागते. ती ऊर्जा डीसी बसवर (विजेच्या सामाईक तारेवर) परत घेता येते. झीरो स्पीडला फिन दर दोन सेकंदांनी दिशा बदलतो, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक मोठा झटका आणि एक छोटी परतफेड. मध्ये कपॅसिटर किंवा बॅटरी असेल तर ती हे झटके पोटात घेते आणि जनरेटरला फक्त सरासरी दिसते. नाहीतर सरासरी ४ किलोवॅटसाठी तुम्ही झटक्याच्या मापाचा जनरेटर बसवता, आणि मग धागाकर्त्याची ती रात्र पुन्हा सुरू.

हायड्रॉलिकराव

हे पटलं. पॉवरपॅकची घरघर मलाही आता सोसत नाही, वय झालं.

जुनापुराणा

चर्चा रंगलीय म्हणून थोडा इतिहास, कारण यातलं फारच थोडं नवीन आहे.

विल्यम फ्रूड यांनी १८६१ साली जहाजांच्या डोलण्यावर आपला प्रबंध मांडला, आणि पुढे हलच्या कडेला लावायच्या पट्ट्या, म्हणजे बिल्ज कील, किती गुणकारी हे प्रयोगांनी दाखवलं. बिल्ज कीलला ना वीज, ना तेल, ना देखभाल. १६० वर्षं झाली, अजून तीच सर्वात स्वस्त. १९१०च्या सुमारास हेर्मान फ्राम यांनी यू आकाराच्या पाण्याच्या टाक्या आणल्या. टाकीतलं पाणी बोटीच्या उलट लयीत हेलकावे खातं. तिथेही ऊर्जा लाटेचीच.

जायरोचं म्हणाल तर ऑटो श्लिक यांनी १९०६ मध्ये 'झेबेअर' नावाच्या जुन्या टॉर्पेडो बोटीवर तो चालवून दाखवला. १९३२ च्या 'कोन्ते दी सावोया' या इटालियन प्रवासी जहाजात तर तीन जायरो होते, प्रत्येकाचं चाक शंभर टनांच्या घरातलं! आज मांडीएवढ्या उंचीच्या डब्यात जे मावतं त्याचा तो आजोबा. फिनांवर मोतोरा यांनी जपानमध्ये १९२०च्या दशकात काम केलं आणि डेनी-ब्राउनचे फिन १९३६ मध्ये 'आयल ऑफ सार्क' या फेरीवर बसले.

म्हणजे तत्त्वं सगळी पणजोबांची. आपल्या पिढीने भर घातली ती बेअरिंग, निर्वात डबा, सेन्सर आणि सर्व्होची. विजेची बचत तिथूनच आली.

शिडवाली

जुनापुराणा काका, मॅग्नस राहिला की! फिरणाऱ्या नळकांड्यावर वाहतं पाणी आलं की बाजूला जोर लागतो, तोच परिणाम. १९२४ मध्ये फ्लेटनरने 'बुकाऊ' जहाजावर वाऱ्यात उभे केले तसे रोटर आता हलखाली, आडवे. एका डच कंपनीचे रोटर असलेल्या बोटीवर मी आठवडाभर होते. हात-सव्वा हाताच्या परिघाचं नळकांडं, सावकाश वेगातही चांगला जोर देतं, नको तेव्हा हलला चिकटून मागे मिटतं. मिटल्यावर पाण्याला अडत नाही, हा मला सर्वात मोठा फायदा वाटला. जोरात पळणाऱ्या बोटीचं ते काम नाही.

इंजिनरूमवाला

बरोबर. आता एक रड सांगतो, नवखा तुमच्यासाठी. एका यार्डने (नाव विचारू नका) आमच्या आधीच्या बोटीत जायरो बसवला. यंत्र उत्तम. पण पायथा? जायरोचा सगळा जोर चार-सहा बोल्टांतून हलच्या उभ्या गर्डरमध्ये जातो, दर दोन सेकंदांनी दिशा बदलून, एका रात्रीत हजारो वेळा. त्यांनी जुन्याच इंजिन-बेडवर लोखंडी फ्रेम ठेवली आणि वरून फायबरचे दोन थर मारले. तिसऱ्या महिन्यात मला तिथे केसाएवढी रेघ दिसली. नखाने उकरली तर पांढरी भुकटी. वर्षाअखेर गर्डर हलपासून सुटायला लागला होता. दुरुस्तीला बोट सहा आठवडे उचलून ठेवली, नवीन रेझिन, नवीन थर, जुनं सगळं कचऱ्यात. त्या वर्षाची वाचलेली वीज त्या कचऱ्यापुढे काहीच नव्हती.

तेव्हा जायरो घ्याल तर आधी स्ट्रक्चरचा हिशेब कागदावर मागा. फिन घ्याल तर हलला पाडलेली भोकं, सील, आणि दरवर्षीचं शेवाळ-शिंपले खरवडणं धरा. शिंपले चढलेला फिन बिनकामाचं ओझं असतो. आणि झीरो स्पीड फिन चालू असताना बोटीजवळ कुणालाही पोहू देऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

खवचट

मगाशी चेष्टा केली, पण धागा खरंच माहितीचा निघाला. तरी एक खोचक प्रश्न: रात्री जनरेटर बंद म्हणजे बॅटरी आली. ती बनवताना कार्बन निघत नाही का?

इंजिनरूमवाला

निघतो. म्हणून हिशेब पुरा मांडू. माझ्या त्या रात्रीला २४ युनिट लागली. ४८ व्होल्ट, ६०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बँक म्हणजे सुमारे २९ युनिट, त्यातली ८५ टक्के वापरली तर २४ हाताशी. वजन तीनशे किलोच्या आसपास. ती भरायला तोच २० किलोवॅटचा जनरेटर १५ वर पावणेदोन तास चालवला तर साडेआठ-नऊ लिटर डिझेल. म्हणजे १७ चे निम्मे, आणि तेही दुपारी, कुणी झोपलेलं नसताना, इंजिन नीट तापून. बोट दिवसा चाललीच तर मुख्य इंजिनाच्या अल्टरनेटरने त्यातही वाटा उचलला. छतावर पॅनेल असतील तर आणखी कमी.

वर्षाला दहा रात्री नांगरावर असाल तर हे सगळं करू नका, बॅटरीचा कार्बन कधीच फिटणार नाही. स्प्रिंग दोर घ्या आणि झोपा. शंभर रात्री असाल तर गोष्ट वेगळी.

आणि 'न बांधलेली यॉट' म्हणालात ते मी खोडत नाही. फक्त एवढंच की हेच जायरो आणि हेच फिन पायलट बोटींवर, गस्तीच्या बोटींवर, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर तंत्रज्ञ पोहोचवणाऱ्या बोटींवरही बसतात. तिथे डोलणारी बोट म्हणजे शिडीवरून निसटणारा माणूस. पैसेवाल्यांच्या हौसेवर पोसलेलं यंत्र तिकडे कामाला येतं, याचं मला वाईट वाटत नाही.

खवचट

ठीक. अर्धा गुण दिला.

गणिताचा_मास्तर

अवांतर, पण महत्त्वाचं: टक्केवारी मागताना 'कशाची' ते विचारा. डोलण्याच्या कोनाची सरासरी, की सर्वात मोठा झोका? लाटेचा काळ कोणता? बोटीच्या आवर्तकाळावर मोजलं तर कोणताही अवरोध छान दिसतो, कारण तिथे बोट स्वतःच जास्त डोलत असते. लांब, संथ लाटेवर, ९-१० सेकंदांच्या, बोट लाटेचा उतार निमूट पाळते. तिथे टक्का पडतो.

नवखा_नाविक

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद वाचून लगेच काही विकत घेतलं नाही, विक्रेते नाराज आहेत.

गेले तीन दिवस नांगरावर होतो, तर प्रयोग केला. पहिली रात्र जशी नेहमी असते तशी: बोट वाऱ्याला तोंड करून, स्वेल आडवा. पेन्सिल टेबलावर अकरा सेकंद टिकली. बायको उपड्या मुठीने पलंगाची कड धरून.

दुसऱ्या रात्री स्प्रिंग दोर. पहिल्यांदा चुकीच्या बाजूने बांधला आणि बोट आणखी आडवी झाली, तेव्हा घरात जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्यांदा जमलं. नाळ स्वेलकडे आली, डोलणं जाऊन हलकं खालीवर उरलं. पेन्सिल मधूनमधून गडगडायची, पण काठावर यायच्या आत परत फिरायची.

काल रात्री त्यावर फ्लॉपर स्टॉपर. काठी म्हणून स्पिनेकरचा (शिडाच्या बोटीवरच्या फुग्यासारख्या शिडाचा) जुना पोल, तीन दोरांनी ताणून. उगाच म्हणाले तसं दिसायला भिकारच. रात्री दीडला जाग आली ती शांततेमुळे. वर जाऊन पाहिलं तर फळीचा दोर एकदा सैल, एकदा ताठ, बाकी काही नाही. सकाळी पेन्सिल टेबलावर होती. जनरेटरचा तास-मीटर झोपताना १८४२.६ होता, उठल्यावरही १८४२.६.

जायरोचा विचार सोडलेला नाही, गर्डरचा हिशेब मागवलाय. पण लहान मापाचा, बॅटरीवर चालेल असा. दोर आणि फळीने जे उरेल तेवढंच त्याच्या गळ्यात.

फक्त काल रात्री थंड होतं. उकडलं की एसीचं काय करायचं? नवीन धागा काढू का?

इंजिनरूमवाला

काढा. तास-मीटरचा फोटो टाकायला विसरू नका.